तुरुंगाच्या यादीत नसलेल्या बाया: खानदेशाचा एक हिशोब

खानदेशातल्या स्वातंत्र्यलढ्यावरचा कुठलाही लेख उघडा, क्रम ठरलेला असतो. सातपुड्यातला खाज्या नाईक, अमळनेरचे साने गुरुजी, फैजपूरचं अधिवेशन, नंदुरबारचा शिरीषकुमार, चिमठाण्याची खजिना लूट. आणि शेवटाकडे एक परिच्छेद, ‘या लढ्यात स्त्रियाही मागे नव्हत्या’. त्यात दोन-तीन नावं आली की लेख संपतो.

हा परिच्छेद आखूड राहतो याचं कारण बायकांनी कमी काम केलं हे नाही. आपलं मापच तुरुंगवासाचं आहे. किती महिने शिक्षा, कुठला तुरुंग, कुठलं कलम, यातून जो माणूस पुढे येतो तो स्वातंत्र्यसैनिक. या मापात सूत कातणारी, दारूच्या दुकानासमोर उभी राहणारी, रात्री दोन वाजता चूल पेटवणारी बाई बसतच नाही. म्हणून इथे माप बदलून बघू. तास, वार, पौंड आणि भाकऱ्या मोजू. मग या बाया कागदात कुठे सापडतात आणि कुठे हमखास हरवतात, तेही पाहू.

कापूस होता, सूत नव्हतं

खानदेश कापसाचा मुलूख. पण १९२० च्या सुमारास ‘घरोघर चरखा’ हा आदेश आला तेव्हा अडचण इथेच सुरू झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना. इथल्या कापसाला अचानक भाव आला, त्याच दशकात रेल्वे भुसावळ-जळगावला पोचली. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. कापूस वेचायची बाई, जिनात रोजानं जायची बाई, पण रुई तिच्या घरात थांबतच नव्हती. शेतातून बैलगाडी निघायची ती सरळ जिनाच्या फाटकात. दोन पिढ्यांत सरकी काढायचा हाताचा रेचा गेला, पिंजाऱ्याचं काम गादी-उशीपुरतं उरलं आणि चरखा माळ्यावर गेला. तोही बऱ्याच घरांत सरपणात.

गुजरातचीही हीच गत होती. गांधीजींना चालता चरखा हवा होता आणि तो मिळत नव्हता. तो शोधून दिला गंगाबेन मजमुदारांनी, बडोदा संस्थानातल्या विजापूरमध्ये. तिथे चरखे होते, पण पेळू, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या रुईच्या वाती, आणून देईल आणि सूत विकत घेईल असं कोणी नव्हतं म्हणून ते पडून होते. पेळूंसाठी पिंजारी गाठला तर त्यानं महिना पस्तीस रुपये मागितले. त्या काळात ही रक्कम भारी होती, तरी ती कबूल करण्यात आली. गांधीजींच्या साबरमती आश्रमाच्या पहिल्या खादीचा खर्च वाराला सतरा आणे पडला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, जेमतेम तीस इंच. पंचेचाळीस इंच पन्ह्याचं धोतर महिन्याभरात हवं, हा तगादाही गंगाबेननाच आणि तो पुरा केलाही त्यांनीच. खादीच्या इतिहासात हा भाग दोन ओळींत उरकतात. माझ्या मते खादीचा अर्धा इतिहास इथेच आहे, कारण सूत अडतं ते चरख्यावर नाही, पेळूवर.

आता काम बघा. कापूस उन्हात वाळवायचा, रेच्यावर सरकी काढायची, रुई पिंजणीवर पिंजायची, पिंजलेल्या रुईचे वीतभर लांबीचे, बोटाएवढे जाड पेळू वळायचे. तेव्हा कुठे चरख्याशी बसायचं. चातीवरून, म्हणजे चरख्याच्या फिरत्या सळईवरून, सूत फाळक्यावर गुंडाळायचं. चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची एक लट, चार लटांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तारा, साधारण ८५३ वार. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. दहा नंबरी सूत म्हणजे पौंडाला ८४०० वार.

खानदेशी कापूस आखूड धाग्याचा. जिनवाल्याला तो आवडायचा, कारण रुईचा उतारा चांगला. कातणारीला तो नको व्हायचा, कारण आखूड धागा पीळ धरायच्या आत निसटतो. त्यातून बारीक सूत काढायचा हट्ट धरला की दर हातभराला तार तुटते. आठ ते बारा नंबर हीच त्याची खरी जागा. शिवाय इथला उन्हाळा कोरडा आणि कडक. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, म्हणून चैत्र-वैशाखात कताई पहाटेच करावी लागते, दुपारी निम्मं सूत तुटण्यात जातं. पावसाळ्यात सूत टिकतं, पण चरख्याची माळ सैल पडते, चाती मागे राहते आणि पीळ कमी बसतो. कमी पिळाचं सूत हाताला मऊ लागतं, दिसायलाही बरं. मागावर ताण पडला की ते उकलतं.

विणकर नाही म्हणायचा तो याचमुळे. साळी, कोष्टी, मोमीन कारागिरांच्या हाताला गिरणीच्या सुताची सवय झालेली. हातसुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, खळ लावूनही तुटायचा, दिवसाचं काम दोन दिवसांवर जायचं आणि मजुरी तीच. मग ताणा गिरणीचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, हातसुताचा, अशी तडजोड व्हायची. शुद्ध खादीवाले त्यावर चिडायचे. चिडण्यापेक्षा पेळू सुधारणं उपयोगाचं होतं, पण त्यावर भाषण करता येत नाही.

काँग्रेसनं १९२४ मध्ये सभासदत्व सुताशी जोडलं. महिन्याला दोन हजार वार, वर्षाला चोवीस हजार. बऱ्या हाताला चरख्यावर तासाला तीनशे वार धरले तर महिन्याला सात तास. टकळीवर तासाला दीडशेच निघतात, म्हणजे तेरा-चौदा तास. वकील-मास्तर मंडळींना हे जड गेलं. अट वर्षभरात सैल झाली, १९२५ मध्ये चार आणे किंवा सूत असा पर्याय आला आणि सूत गोळा करायचं काम नव्या चरखा संघाकडे गेलं. पुरुष सभासदाच्या नावावर जमा झालेलं सूत त्यानं स्वतः कातलं की घरातल्या बाईनं, हे पाहायची कुठलीही सोय त्या पावतीत नव्हती. सभासदांच्या यादीवरून कताईतला बायकांचा वाटा काढू नये तो यासाठी.

आणि एक लुगडं. नऊ वार लांब, पंचेचाळीस इंच पन्हा, इंचाला चाळीस ताणा-चाळीस बाणा अशी साधी वीण धरा. त्याला तूट धरून जवळजवळ पस्तीस हजार वार सूत लागतं. दहा नंबरी सूत असेल तर हे वजन सव्वाचार पौंडांच्या आसपास, म्हणजे एकोणीसशे ग्रॅम. तासाला तीनशे वारांनी ११७ तास नुसती कताई. रोज चार तास बसली तरी बाईचा महिना एका लुगड्यात जातो. सरकी काढणं, पिंजणं, पेळू वळणं वेगळं. त्यासाठी कापूस लागतो तेरा-चौदा पौंड.

हे लुगडं ओलं झालं की किती जड होत असेल, ते पिळायचं कुणी, नदीवरून घरी आणायचं कुणी? खादी नेसायचा निर्णय पुरुषाच्या अंगावर धोतर-सदऱ्यापुरता असतो. बाईच्या अंगावर तो दोन किलोंचा असतो आणि धुणंही तिच्याचकडे. त्यात पन्हा अपुरा म्हणून दोन पाट मध्ये शिवून जोडलेले, शिवण काचते. ‘बायका खादी वापरायला नाखूश असतात’ अशी तक्रार त्या काळातले कार्यकर्ते करत. हा आकडा त्यांच्यासमोर कोणी ठेवला नसावा.

मजुरीचंही तसंच. १९३५ मध्ये चरखा संघानं कातणारीला किमान मजुरी द्यायचा ठराव केला, तो गांधीजींच्या आग्रहानं. तोवर दिवसभर कातून बाईच्या हाती फारच थोडे पैसे पडायचे. मजुरी वाढली तशी खादी महागली, माल दुकानात पडून राहायला लागला, आणि भांडारवाल्यांनी कातणाऱ्यांना सांगितलं की सूत जरा कमी आणा. हा पेच शेवटपर्यंत सुटला नाही.

दुकानासमोर दहाजणी

खानदेशाला समुद्र नाही. १९३० मध्ये मीठ उचलायला इथून कोकणात किंवा गुजरातेत जावं लागे. त्यामुळे इथल्या कायदेभंगाचे मुख्य मार्ग राहिले ते परदेशी कापड आणि दारू यांच्या दुकानांसमोरचं पिकेटिंग म्हणजे निदर्शनाचा पहारा, प्रभातफेऱ्या आणि राखीव जंगलातलं गवत कापणं. दांडीच्या तुकडीत एकही बाई नव्हती. त्यावर टीका झाली आणि मिठानंतर चारच दिवसांनी, १० एप्रिल १९३० ला, गांधीजींनी दारू आणि कापडाचं पिकेटिंग बायकांनी हाती घ्यावं असं जाहीर लिहिलं.

पाठोपाठ त्यांनी पिकेटिंगचे नियम दिले. ते वाचताना कळतं की हे किती बारकाईनं आखलेलं काम होतं. एका दुकानाला निदान दहा बायका. त्यांनी आपल्यातूनच एक प्रमुख निवडायची. आधी सगळ्यांनी मिळून दुकानदाराला भेटायचं, पत्रकं द्यायची, धंदा बंद करायची विनंती करायची. ऐकलं नाही तर दुकानासमोर उभं राहायचं, पण ये-जा करायची वाट मोकळी ठेवून. हातात मोठ्या अक्षरांचे फलक, शक्यतो एकसारखा पोशाख, मधून मधून भजन. शिवी नाही, धमकी नाही. पुरुषांनी तिथे गर्दी करायची नाही. जमाखर्च पै-पैचा ठेवायचा.

दहाचा आकडा उगाच नाही. दोघी-तिघी असल्या की त्यांना हटकणं, चिडवणं, घरच्यांमार्फत दम भरणं सोपं जातं. दहाजणी असल्या की पाळ्या लावता येतात, घरी तान्हं असलेली दुपारची जाऊन येते. वाट मोकळी ठेवायची ती पोलिसांना अडवणुकीचं कलम लावता येऊ नये म्हणूनही. आणि पुरुषांना लांब ठेवण्याचं कारण साधं आहे. ते जमले की दगड येतो, दगड आला की लाठी येते, आणि दुसऱ्या दिवशी दहातल्या सहाजणींना घरातून सोडत नाहीत.

जमायचं नाही ते तीन ठिकाणी. एक, आठवडे बाजार. तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतलं गिऱ्हाईक येतं, त्याला त्या गावातल्या बाईची भीडभाड नसते. शेजारणीनं अडवलं तर माणूस खाली मान घालून परत फिरतो, परक्या बाईच्या अंगावरून पुढे जातो. म्हणून खेड्यातल्या बायका त्या दिवशी तालुक्याला आल्या तरच उपयोग. दोन, अंधार पडल्यावरची वेळ. बाईला दिवेलागणीला घरी असणं भाग आणि दुकानाची खरी विक्री तेव्हाच सुरू होते. तीन, दुकान बंद झालं तरी दारू बंद होत नाही. सातपुड्याच्या कडेनं मोहाची झाडं आहेत. परवान्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक तुटलं की गुपचूप गाळलेली घरगुती वाढते. अबकारीचं उत्पन्न मुंबई सरकारला जमीन महसुलाच्या खालोखाल होतं, त्यामुळे दुकानासमोरचं पिकेटिंग सरकारला बोचत होतं हे नक्की. पण त्यानं नवऱ्याची दारू सुटत होती असं समजू नये. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं धरून लिहिलेले लेख मला पटत नाहीत.

नवरा दारू सोडतो तो वेगळ्या वाटेनं, आणि ती वाट खानदेशात काँग्रेसच्या आधीही होती. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली देवीची चळवळ आदिवासी भागातून डांग-सुरतेपर्यंत आणि पश्चिम खानदेशच्या कडेपर्यंत पसरली. अंगात आलेली देवी सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्या सावकाराकडे कामाला जाऊ नका. पुढे तिच्यात गांधींचं नाव आणि खादीही आली. त्यानंतर तळोदा भागात गुलाम महाराजांची आरतीची चळवळ उभी राहिली. हजारो भिल्ल बाया-पुरुष आरतीला जमत, दारू सोडायची शपथ घेत, एकमेकांना ‘आप’ म्हणत. १९३८ मध्ये महाराज गेल्यावर त्यांच्या भावानं, रामदास महाराजांनी, ती पुढे चालवली आणि सरकारनं त्यांना त्रास द्यायला सुरुवात केली. मोहाची फुलं वेचून, वाळवून, साठवून ठेवणं हे बाईचं काम. दुष्काळात ते घरचं अन्नही असायचं. त्यामुळे दारू सोडायची तर मोहाचं काय करायचं, हे तिच्याशिवाय ठरणं शक्य नव्हतं. याच भागात, शहाद्याकडे, १९७२-७३ मध्ये आदिवासी बायकांनी दारूचे मडके फोडले, ते आभाळातून पडलं नव्हतं.

फैजपूरचं पीठ

डिसेंबर १९३६, फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. २७ आणि २८ ला मुख्य बैठक, अध्यक्ष नेहरू, त्याआधी २५ ला गांधीजींच्या हस्ते ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन. धनाजी नाना चौधरींनी घेतलेली जबाबदारी, साने गुरुजींची गावोगावची पायपीट, नंदलाल बोसांनी बांबू-तट्ट्यातून उभं केलेलं टिळकनगर, सावदा स्टेशनवरून बैलांच्या रथातून निघालेली अध्यक्षांची मिरवणूक. हे सगळं लिहिलं गेलं आहे, चांगलं लिहिलं गेलं आहे.

लिहिलं गेलं नाही ते पीठ. त्या वर्षांत ग्रामोद्योगाचा आग्रह म्हणजे जात्यावरचं पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल. दहा हजार माणसं एका वेळी जेवणार असं धरा, अधिवेशनाला जमलेली गर्दी त्याच्या कितीतरी पट होती. माणशी दोन भाकऱ्या, पाव किलो पीठ. अडीच हजार किलो. जात्यावर एका बाईच्या हातून तासाला दोन-अडीच किलो दळण होतं, तेही धान्य कोरडं आणि जातं टाकी लावलेलं असेल तर. म्हणजे एका वेळच्या जेवणाला हजारभर तास. पहाटे चार तास दळलं तरी अडीचशे बायका. मग वीस हजार भाकऱ्या, एकीला तीन मिनिटं, पुन्हा हजार तास. बाजरीचं पीठ तीन-चार दिवसांत कडवट होतं, त्यामुळे महिनाभर आधी दळून ठेवायची सोय नाही. ज्वारी-दादरचं थोडं जास्त टिकतं. हे सगळं पीठ जात्यावरच निघालं असेल असा माझा दावा नाही. जेवढं निघालं तेवढ्यामागे असे तास होते, एवढंच म्हणतो.

धनाजी नानांच्या पंचक्रोशीत लेवा, गुजर, मराठा, माळी घरांतल्या बायका होत्या, आणि यातल्या कित्येक घरांत डोईवरचा पदर कपाळाखाली यायचा. मोठ्या माणसांसमोर बोलायची पद्धत नव्हती. अशा घरातली सून अधिवेशनाच्या मंडपात येऊन बसली ही घटना किती मोठी, ते सासरच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही. प्रभातफेरीचंही तेच. पहाटे गाणी म्हणत गल्लीतून जायचं हे ऐकायला सोपं वाटतं. पण फेरी ज्या आळीतून जाणार त्या आळीत सासरे आणि दीर असतात. म्हणून जाणत्या कार्यकर्त्या फेरीची सुरुवात देवळापासून करत, काकड आरतीला निघालेली बाई फेरीत मिसळली तर घरात कोणी विचारत नाही.

कलम २१२ आणि भाकरी

बेचाळीसमध्ये कामाचं रूप बदललं. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही पाच मुलं गेली. शाळेत सांगितली जाणारी गोष्ट अशी की पोलिसानं मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली आणि शिरीषकुमार पुढे झाला. बंदूक मुलींवर का रोखली गेली? कारण त्या पुढच्या रांगेत होत्या. या गोष्टीत मुलांची नावं आपल्याला पाठ आहेत. मुलींची नावं गोष्टीत येत नाहीत.

अमळनेरच्या लीलाताई पाटील यांचं नाव मात्र टिकलं. बेचाळीसच्या उठावात तुरुंगवास आणि पुढे भूमिगत काम, दोन्ही त्यांच्या वाट्याला आलं. त्यांचे पती डॉ. उत्तमराव पाटील यांच्या साथीनं साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या मंडळींनी १४ एप्रिल १९४४ ला शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. आता हा बेत जमिनीवर कसा उतरतो ते बघा. साताऱ्याकडची माणसं खानदेशात येणार, त्यांची बोली वेगळी, मुंडाशाची ठेवण वेगळी. त्यांना अहिराणी येत नाही, तोंड उघडलं की परकी. त्यांनी बाजारात काही विकत घेऊन खायचं म्हणजे पकडलं जायचं. जेवण घरातूनच यायला हवं, आणि ते रोजच्यापेक्षा जास्त शिजतंय हे शेजारी कळता कामा नये. धूर वाढला, जात्याची घरघर अवेळी झाली, विहिरीवरच्या खेपा वाढल्या की गावाला कळतं. म्हणून भाकरी एका घरात न टाकता चार घरांत वाटून टाकायची, कोरडी चटणी किंवा ठेचा बरोबर द्यायचा, पातळ कालवण द्यायचं नाही. बाजरीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, ज्वारीची किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची जरा बरी राहते.

निरोप आणि कागद नेण्याचं काम बायकांकडे जास्त आलं, त्यामागे कायदा होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ प्रमाणे बाईची झडती बाईनंच, मर्यादा राखून घ्यायची. खेड्यातल्या नाक्यावर पोलिसांकडे बाई असायची नाही. लुगड्याच्या निऱ्यांच्या घडीतलं पत्रक त्यामुळे पार व्हायचं. हे कलम न जुमानणारे अंमलदारही असत, पण चारचौघांत तसं करणं त्यांनाही महागात पडायचं.

दुसरं कलम याहून महत्त्वाचं. गुन्हेगाराला आसरा देणं हा दंड संहितेच्या कलम २१२ खाली गुन्हा होता, पण नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला आसरा दिला तर हे कलम लागू होत नसे. फरारी नवऱ्याला रात्री मागच्या दारानं घेऊन जेवू घालणारी बाई या कलमानं गुन्हेगार ठरत नव्हती. गुन्हा नाही म्हणून खटला नाही, खटला नाही म्हणून शिक्षा नाही. शिक्षा नाही म्हणून पुढे स्वातंत्र्यसैनिकही नाही. पोलीस तिला चौकीवर बसवून ठेवत, भांडी जप्त करत, घरात धान्य-माती एक करून जात, ते सगळं नोंदीबाहेर.

कागद कुठे बघायचे

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, ताम्रपट दिले गेले, तालुक्याच्या गावी नावं कोरलेले स्तंभ उभे राहिले आणि केंद्राची निवृत्तीवेतन योजना आली. १९८० मध्ये ती ‘सन्मान’ योजना झाली. मुख्य अट सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांची. भूमिगत असल्याचा दावा करायचा तर फरारी म्हणून जाहीर झालेलं असणं, डोक्यावर इनाम लागलेलं असणं किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघून बजावला न गेलेला असणं, यापैकी काहीतरी लागतं. भाकरी पोचवणाऱ्या बाईच्या डोक्यावर इनाम कोण लावणार? तीन महिन्यांची सवलतही तुटपुंजी, कारण पिकेटिंगच्या बायकांना बऱ्याचदा थोड्या मुदतीची शिक्षा किंवा दंड होई, किंवा गाडीत घालून गावाबाहेर लांब सोडून देत.

तरी गावातल्या बाईचा माग काढायचा असेल तर सुरुवात नावापासून. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं, दोन्ही गावं आधी लिहून घ्या. १९३० मध्ये सोळा वर्षांची असलेली मुलगी बेचाळीसमध्ये वेगळ्या नावानं, बहुधा वेगळ्या तालुक्यात सापडते. शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला आणि मुलीचं किमान वय चौदा ठरलं, त्याआधीच्या महिन्यांत घाईनं उरकलेली लग्नं बरीच. त्यामुळे वयाचा अंदाज एक-दोन वर्षांनी चुकतो. स्वातंत्र्यसैनिकांच्या छापील कोशात बाई पतीच्या नोंदीतल्या एका वाक्यात असू शकते, तेव्हा अकारविल्ह्यात नाव नाही म्हणून थांबू नका, आडनावाखालच्या सगळ्या नोंदी वाचा. धुळे तुरुंगाची १९३२ ची कागदपत्रं पाहायला मिळाली तर जरूर बघा. विनोबांची गीतेवरची प्रवचनं तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार झाली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि ऐकायला स्त्री-कैदीही येत. मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली आहेत. त्यांत नावांची स्पेलिंगं इंग्रजी कानानं लिहिलेली असतात, ‘बाई’ कधी नावाला चिकटलेली, कधी आडनावासारखी. एकच बाई तीन नावांनी दिसते.

त्या पिढीतलं आज फार कोणी उरलेलं नाही, बोलायचं ते लेकी-सुनांशी. ‘तुमच्या सासूबाई स्वातंत्र्यलढ्यात होत्या का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘घरात चरखा होता का, कुठे ठेवायच्या, पेळू कुणाकडून यायचे, रात्री कोण जेवायला यायचं, पोलीस आले तेव्हा काय नेलं?’ असं विचारा. उत्तर आलं की साल विचारू नका, हंगाम विचारा. ज्वारी काढायला आली होती की पेरणी चालू होती, कुठलं मूल पोटात होतं. त्यावरून साल काढता येतं. तीस-बत्तीस आणि बेचाळीस या दोन आठवणी घरोघर एकमेकींत मिसळलेल्या असतात. गांधीजी गावात आले होते असं सांगितलं तर १९२७ च्या फेब्रुवारीतला खानदेश दौरा आणि १९३६ चं फैजपूर यांच्याशी ताडून पाहा. जात्यावरच्या ओव्या मिळाल्या तर अहिराणी किंवा लेवा गणबोलीत जशा म्हटल्या तशा उतरवा, शुद्ध करू नका. मुलानं ऐकून लिहून ठेवल्या नसत्या तर बहिणाबाईंच्या कविताही आसोद्या-जळगावच्या शेतातच राहिल्या असत्या.

आणि एक जागा जिथे फारसं कोणी बघत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तीवेतनाची प्रकरणं असतात. मंजूर झालेली सगळे मागतात. तुम्ही नामंजूर झालेली मागा. अट पुरी झाली नाही म्हणून परत पाठवलेल्या अर्जांत बाईनं, किंवा तिच्यासाठी कोणीतरी, आपण काय केलं ते हातानं लिहून दिलेलं असतं: कुणाला किती दिवस ठेवलं, कुठे निरोप नेला, सोबत कोण होत्या. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘वैयक्तिक माहिती आहे’ असं सांगून कलम ८(१)(ञ) खाली नकार आला तर पहिल्या अपिलात कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना तो नकार चालत नाही. अर्जात व्यक्तीचं नाव लिहू नका, तालुका, साल आणि ‘नामंजूर प्रकरणांची नोंदवही’ असं लिहा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे अर्ज करा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधीची शहादा-तळोद्याची प्रकरणं धुळ्याच्या कपाटात असण्याची शक्यता जास्त.